रेंज हाय, मग नेट कामून चालंना? मोबाइल डेटा पायरी-पायरीनं समजून घेऊ

“रेंज फुल हाय, पर नेट चालंना गेलंय.”

बीड आणि लातूर जिल्ह्यांत मी नऊ वर्षं मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम केलं. त्या नऊ वर्षांत हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. केजच्या बाजारात, धारूर घाटातल्या चहाच्या टपरीवर, अहमदपूरच्या एसटी स्टँडवर, कुठंही. अंगातलं जॅकेट बघून लोक थांबवायचे. भांडायला नाही; अडलेले असायचे म्हणून. कुणाचा पीक विम्याचा अर्ज अर्ध्यावर लटकलेला, कुणाची पोरगी लातूरच्या क्लासचा ऑनलाइन पेपर सोडवत बसलेली.

ज्यांच्या हातात पहिलाच स्मार्टफोन आलाय त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि घरातल्या थोरल्यांना फोन शिकवणाऱ्या पोरापोरींसाठीही.

वरच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या एकच समजतो. रेंजच्या दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठा ऐकू येतोय. नेट चालायला मात्र तुमचं मागणं फोनमधून हवेत, हवेतून टॉवरवर, टॉवरमागच्या तारेतून कंपनीच्या केंद्रात आणि तिथून इंटरनेटवर जावं लागतं. मग उत्तर त्याच वाटेनं परत यावं लागतं. दांड्या या वाटेतल्या पहिल्याच टप्प्याबद्दल बोलतात. पुढं कुठं अडलंय त्याचा त्यांना पत्ता नसतो.

केज तालुक्यात एक मामा भेटले होते. नेट चालत नाही म्हणून त्यांनी आधी मोठं रिचार्ज मारलं, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून बारा हजारांचा नवा फोन घेतला. घर नव्याकोऱ्या पत्र्याचं. त्यांना घेऊन दाराबाहेर दहा पावलं आलो, तर जुना आणि नवा दोन्ही फोन पळायला लागले. ते पैसे कापसाच्या पहिल्या वेचणीचे होते. मला ती गोष्ट अजून लागून राहिलीय. कुठं अडलंय ते आधी हुडकायचं, पैसे नंतर घालायचे, एवढ्यासाठी हे सगळं सांगतोय.

पायरी पहिली: सिमची ओळख पटते

फोन चालू केला की तो आधी हवेत कान लावून बसतो. आजूबाजूचे टॉवर सतत आपलं नाव पुकारत असतात. त्यातला आपल्या कंपनीचा, नीट ऐकू येणारा टॉवर फोन निवडतो. मग सिमची परीक्षा होते.

सिममध्ये पंधरा आकडी एक ओळख असते. भारतातल्या सिमची ती बहुतेक ४०४ किंवा ४०५ नं सुरू होते. आपण लोकांना देतो तो दहा आकडी नंबर वेगळा. या ओळखीशी त्याची जोडणी कंपनीच्या केंद्रात केलेली असते. म्हणून तर सिम हरवलं तरी नव्या सिमवर तोच नंबर मिळतो. सिममध्ये एक गुप्त किल्लीही असते आणि तिची जोडकिल्ली केंद्रात असते. केंद्र सिमला एक आकडा पाठवतं, सिम आपल्या किल्लीनं त्यावर गणित करून उत्तर देतं, उत्तर जुळलं की जाळ्यात प्रवेश. किल्ली स्वतः हवेतून कधीच जात नाही.

इथं नवख्यानं तीन गोष्टी तपासायच्या. एक, सिम ४जीचं आहे का. बीएसएनएलची जुनी सिमं बऱ्याच घरांत अजून आहेत. ती २जी-३जीच्या काळातली असतील तर टॉवर ४जी झाला तरी फोनवर ४जी यायचं नाही. सिम बदलून घ्यावं लागतं, नंबर तोच राहतो. दोन, फोनमध्ये दोन सिम असतील तर सेटिंगमध्ये डेटा कुठल्या सिमवर ठेवलाय. पॅक एका सिमवर आणि डेटा दुसऱ्यावर, हा घोळ मी शेकड्यानं पाहिलाय. तीन, डायलरवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय दिसेल, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर. दोन सिमचा फोन असेल तर असे दोन नंबर दिसतात. ते घरातल्या वहीत लिहून ठेवा. फोन बाजारात चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो बंद करता येतो, आणि त्यासाठी हाच नंबर लागतो.

पायरी दुसरी: वेस, म्हणजे एपीएन

ओळख पटली म्हणजे तुम्ही कंपनीच्या गावात आलात. इंटरनेट गावाबाहेर आहे. तिकडं जायची जी वेस, तिचं नाव एपीएन. जिओच्या वेशीचं नाव ‘जिओनेट’, एअरटेलचं ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलचं ‘बीएसएनएलनेट’, आणि व्हीआयचं नुसती तीन ‘डब्ल्यू’ अक्षरं. फोनमध्ये ही नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायची. सिम घातल्यावर बहुतेक वेळा ती आपोआप भरली जातात. जुना वापरलेला फोन घेतला असेल, किंवा कुणी परदेशातून आणून दिला असेल, तर मात्र सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कखाली जाऊन एकदा बघा. एक अक्षर चुकलं तरी दांड्या फुल, कॉल लागतो, नेट शून्य.

वेशीवर तुमच्या फोनला एक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळतो आणि तिथून पुढं सगळा माल लहान-लहान पाकिटांत जातो. एका पाकिटात साधारण पंधराशे बाइट मावतात. तीन एमबीचा एक फोटो म्हणजे दोन हजारांहून जास्त पाकिटं. त्यातलं एखादं हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं. रेंज कच्ची असली की हरवणं वाढतं, मागवणं वाढतं, आणि पडद्यावरचा तो गोल फिरत राहतो.

या वेशीची गोष्ट कळली की बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो. ओटीपीचा एसएमएस या वेशीतून येत नाही, म्हणून डेटा पॅक संपला तरी ओटीपी येतो. ओटीपीसाठी डेटा मारायची गरज नाही. ४जीवरचा कॉलही आता पाकिटांतूनच जातो. जिओचं जाळं सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं ते निव्वळ ४जीवर, त्यावर २जी-३जीच्या जुन्या पद्धतीनं कॉल जातच नाही. पण कॉलसाठी वेगळी वेस असते आणि तो तुमच्या रोजच्या डेटातून कापला जात नाही. व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल मात्र डेटातून जातो. आणि शेतात उभं राहून आपली जागा दाखवणारं जीपीएस थेट उपग्रहांकडून ऐकतं, त्याला ना रेंज लागते ना पॅक. नकाशाचं चित्र उतरवायला डेटा लागतो, म्हणून घरूनच नकाशा उतरवून नेला तर रानात जागा बरोबर दिसते.

ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी, आणि उदगीर, निलंगा, देगलूर अशा सीमेवरच्या भागातल्यांसाठीही एक सूचना. फोन कधी-कधी पलीकडच्या राज्यातला टॉवर धरतो. सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर तेवढ्यानं नेट थांबू शकतं. देशातल्या देशात ते चालू ठेवा.

पायरी तिसरी: हवा

खरी अडचण बहुतेक वेळा इथंच असते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

जायकवाडीच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना पाण्याची पाळी माहीत आहे. कालव्यात पाणी ठरावीक. मुखाजवळच्याला भरपूर, टेलच्या शेतकऱ्याला उरलं तर. टॉवरचंही तसंच. एका टॉवरवर साधारणपणे तीन बाजूंना तीन तोंडं असतात, आम्ही त्यांना सेक्टर म्हणतो. एकेक सेक्टर वर्तुळाचा तिसरा हिस्सा सांभाळतो. प्रत्येक सेक्टरला हवेतल्या लहरींचा ठरावीक पट्टा मिळालेला असतो. १० मेगाहर्ट्झचा ४जी पट्टा असेल तर सगळं उत्तम असताना त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त ७५ मेगाबिटच्या आसपास माल जातो. हा आकडा एका फोनचा नाही, त्या बाजूच्या सगळ्या फोनांचा मिळून. टॉवरमधलं यंत्र दर हजाराव्या सेकंदाला ठरवतं की आता कुणाची पाळी.

कालव्यापेक्षा इथं एक गोष्ट आणखी अवघड आहे. टॉवरजवळच्या फोनशी टॉवर भराभर बोलतो. लांबच्या, किंवा भिंतीआडच्या फोनशी त्याला सावकाश, पुन्हा-पुन्हा सांगत बोलावं लागतं, जसं आपण दोन रानं पलीकडच्या माणसाला एकेक शब्द ओढून हाक मारतो. म्हणजे तेवढाच माल पोचवायला लांबच्यासाठी जास्त वेळ खर्ची पडतो, आणि तो वेळ सगळ्यांच्या वाट्यातून जातो. रात्री आठ ते दहा गावात नेट मंद होतं ते याचमुळं: सगळे घरी, सगळे भिंतीआड, सगळे व्हिडिओवर. अवघड अर्ज भरायचा असेल, मोठी फाइल चढवायची असेल, तर पहाटे किंवा दुपारी भरा. रुपयाचा खर्च नाही आणि फरक डोळ्यांनी दिसतो.

या गर्दीचा सगळ्यात मोठा धडा म्हणजे लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. एवढी माणसं एका माळावर जमतात की दांड्या फुल असूनही साधं पैसे पाठवणं अडतं. अशा ठिकाणी यूपीआयचा व्यवहार अर्ध्यात थांबला तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी बँकेचा मेसेज किंवा शिल्लक बघा, मगच पुढं जा. आणि यात्रेत रोख बाळगाच.

आता पट्ट्यांबद्दल. हवेतले सगळे पट्टे सारखे नसतात. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झसारखे खालचे पट्टे लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात, पण त्यांची रुंदी कमी, म्हणून माल कमी. २३०० किंवा ५जीचा ३३०० च्या पुढचा पट्टा भरपूर माल नेतो, पण लवकर दमतो. झाडी, भिंत, टेकडी आली की मागं फिरतो. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आता तालुक्याच्या गावांतही दिसतं. पण काठावरच्या ५जीपेक्षा पक्कं ४जी चांगलं. फोन ५जी आणि ४जीच्या मधे सारखा उड्या मारत असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार काही दिवस ४जीवर ठेवून बघा. नेट स्थिर होतं, बॅटरीही टिकते.

आपल्याकडची घरं हा वेगळाच विषय आहे. जुन्या माळवदाच्या दोन-अडीच फुटी भिंती लहरी गिळतात. पत्रा तर त्यांना जवळजवळ अडवतोच, कारण धातूवरून लहर परतते. चारी बाजूंनी पत्रा असेल तर आत फक्त दारा-खिडकीतून येईल तेवढंच. स्लॅबच्या घरातही मधल्या खोलीत रेंज पडते. अशा घरात फोन टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा आणि हॉटस्पॉट, म्हणजे एका फोनचं नेट दुसऱ्याला वाटायची सोय, चालू करून दुसऱ्या फोनवर काम करा. पोराचा ऑनलाइन वर्ग असेल तर हा उपाय नव्या फोनपेक्षा स्वस्त. बालाघाटाच्या डोंगरात, घाटाच्या पायथ्याला वसलेल्या वस्त्यांवर डोंगराची सावली पडते. तिथं पन्नास पावलं चढलं तरी चित्र पालटतं.

दांड्यांवर विसंबू नका, कारण किती आवाजाला किती दांड्या दाखवायच्या ते फोनची कंपनी ठरवते. खरा आकडा बघायचा तर सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ मध्ये जा, तिथं ‘स्टेटस’, मग सिमचं स्टेटस, त्यात सिग्नलची ताकद डीबीएममध्ये लिहिलेली असते. काही फोनांत शब्द जरा वेगळे असतात, पण गोष्ट तिथंच सापडते. आकडा वजा असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर वजा ८५ किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम. वजा १०० ला काम चालतं. वजा ११० च्या खाली अडखळतं. वजा १२० म्हणजे टॉवरचं शेवटचं टोक. दर दहा आकड्यांना ताकद दहापट घटते, हे ध्यानात ठेवा. वजा ९० वरून वजा ११० म्हणजे शंभरपट कमी.

आणखी एक गोष्ट, कारण तिचा फटका शेतकऱ्यांना बसतो. “दादा, व्हिडिओ चालायलाय, मग फोटो कामून जाईना?” हा प्रश्न मला ई-पीक पाहणीच्या, म्हणजे पिकाचा फोटो काढून ॲपवर नोंद करायच्या, दिवसांत दर फेरीला विचारला जायचा. टॉवरचा रेडिओ वीस-चाळीस वॅट ताकदीनं बोलतो. तुमचा फोन ४जीवर जास्तीत जास्त ०.२ वॅटनं. म्हणजे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला ऐकू जात नाही. काठावर उभं राहिलं की उतरवणं चालतं आणि चढवणं अडतं. बांधावर रेंज कच्ची असेल तर फोन छातीच्या उंचीवर, उघड्यावर, टॉवरकडं तोंड करून धरा. खिशात किंवा हाताच्या मुठीत गच्च नको. पीक उंच असेल, ऊस किंवा तूर, तर सरीतून बाहेर या. आणि कच्च्या रेंजमध्ये फोन पूर्ण ताकदीनं ओरडत असतो, म्हणून रानात बॅटरी झपाट्यानं उतरते. फोन खराब झाला असं समजू नका.

पायरी चौथी: टॉवरच्या मागं

टॉवरला पुढं जोडणारी वाट दोन तऱ्हेची. रस्त्याकडेनं जमिनीखालून गेलेलं फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, किंवा टॉवरवर दिसणारी ती गोल डिश. डिश समोरच्या टॉवरवरच्या डिशशी सरळ रेषेत बोलते. फायबरचा वैरी जेसीबी. रस्ता रुंदीकरण, पाइपलाइनची चारी, काहीही निघालं की आमचा फोन वाजायचा: फायबर कट. डिशचा वैरी वादळ. उन्हाळ्यातल्या अवकाळीत डिश एखाद-दोन अंश जरी हलली तरी वाट बिघडते, आणि मुसळधार पावसानंही ती कमजोर होते.

फायबर पूर्ण तुटलं तर बरेचदा टॉवर स्वतःच बोलणं थांबवतो आणि रेंज जाते. पण माल दुसऱ्या, अरुंद वाटेनं वळवला गेला तर रेंज फुल दिसते आणि नेट रांगत चालतं. सगळ्या गावाचं एकदम मंदावलं, तेही त्याच कंपनीचं, तर समजा की इथं अडलंय. तुमच्या फोनमध्ये काहीही करून उपयोग नाही.

विजेचंही सांगायला हवं. टॉवरला बॅटऱ्या असतात, बऱ्याच ठिकाणी डिझेल जनरेटर असतो. वीज गेली की आधी बॅटरी, मग जनरेटर. लांबलेल्या भारनियमनात बॅटरी उतरली आणि डिझेल पोचलं नाही तर टॉवर बंद पडतो, फोन लांबचा दुसरा टॉवर धरतात आणि त्याच्यावर दोन गावांचा भार पडतो. लाइट गेल्यावर तास-दोन तासांनी नेट मंद झालं असेल तर बहुतेक हेच कारण.

पायरी पाचवी: हिशेब

तुमच्या डेटाचं मोजमाप फोनमध्ये होत नाही, कंपनीच्या केंद्रात होतं. फोन दाखवतो तो त्याचा स्वतःचा अंदाज. रोज ठरावीक जीबीचा पॅक असेल तर रात्री बाराला नवा कोटा सुरू होतो. कोटा संपला तर बहुतेक पॅकमध्ये नेट बंद होत नाही, वेग पाडला जातो, कित्येकदा ६४ केबीपीएसवर. हा वेग किती? सेकंदाला आठ केबी. एक एमबीला दोन मिनिटांहून जास्त, तीन एमबीच्या फोटोला सहा मिनिटांहून जास्त. दांड्या फुल, वर ४जी लिहिलेलं, व्हॉट्सॲपचा मजकूर जातोय, फोटो जात नाही. “नेट चालंना” म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं एवढंच झालेलं असायचं. कंपनीच्या ॲपवर किंवा कोटा संपल्याच्या मेसेजात खरं कळतं. ते मेसेज पुसू नका.

बिट आणि बाइट यांतही गल्लत होते. वेग बिटमध्ये सांगतात, डेटा बाइटमध्ये विकतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. २५ एमबीपीएस (सेकंदाला २५ मेगाबिट) वेग म्हणजे सेकंदाला सुमारे तीन एमबी, म्हणजे मेगाबाइट. त्या वेगानं अखंड उतरवत राहिलं तर दोन जीबी अकरा मिनिटांत संपतात. वेग चांगला मिळतो त्या गावात कोटा लवकर संपतो, तो याचमुळं.

कोटा पुरवायचा तर तीन ठिकाणी हात घाला. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. भावकीच्या आणि गावच्या ग्रुपांवर सकाळपासून पडणारा माल सगळा तुमच्या कोट्यातून जातो. ॲप अपडेट फक्त वायफायवर ठेवा. व्हिडिओची प्रत, म्हणजे चित्र किती स्पष्ट दिसावं त्याचा आकडा, फोनला ठरवू देऊ नका, स्वतः कमी करा. हाताएवढ्या पडद्यावर ४८० पुरेसं दिसतं.

अडलं की कुठल्या क्रमानं बघायचं

आधी फोन विमान मोडवर टाका, दहापर्यंत मोजा, परत काढा. हा तोडगा खुळचट नाही. फोन जुन्या किंवा गर्दीच्या टॉवरला चिकटून बसलेला असतो. यानं तो नव्यानं कान लावतो, नव्यानं ओळख देतो, नवा पत्ता घेतो. त्यानं भागलं नाही तर मोबाइल डेटा चालू आहे का आणि कुठल्या सिमवर, पॅकची मुदत व कोटा शिल्लक आहे का, हे बघा. मग डीबीएमचा आकडा. तो वाईट असेल तर बाहेर या. बाहेर सुधारला तर घरच्या भिंतीचा दोष. आकडा चांगला आणि तरी नेट नाही, तर दुसरं संकेतस्थळ उघडून बघा. ते उघडलं तर तुमचं नेट ठीक आहे, तुम्हाला हवं ते संकेतस्थळच दबलंय. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे हमखास होतं. तेही उघडलं नाही तर शेजाऱ्याला विचारा, पण त्याच कंपनीचं सिम असलेल्या. त्याचंही बंद असेल तर टॉवर किंवा त्याच्या मागची वाट. त्याचं चालू असेल तर तुमचं सिम त्याच्या फोनमध्ये घालून बघा. तिथं चाललं तर दोष तुमच्या फोनमध्ये, बहुधा एपीएनमध्ये. तिथंही नाही चाललं तर सिम किंवा पॅक.

एवढं करायला दहा मिनिटं लागतात.

तक्रार कशी द्यायची

तक्रारीचा नंबर १९८. बोलताना “नेट नाही” एवढंच म्हणू नका. गाव, वस्ती, जवळची खूण, पिनकोड, कधीपासून, दिवसभर की ठरावीक वेळी, घरात की बाहेरही, डीबीएमचा आकडा, आणि त्याच कंपनीच्या किती जणांना हाच त्रास. एवढं सांगितलं की तक्रार टॉवर बघणाऱ्या माणसापर्यंत नीट पोचते. मी त्या टोकाला होतो, म्हणून सांगतो: “साइट चालू आहे, ग्राहकाचा फोन तपासा” असा शेरा मारून तक्रार बंद होते ती अर्धवट माहितीमुळं. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं ३० दिवसांत अपील करता येतं, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. यासाठी पैसे लागत नाहीत. वस्तीवरच्या पाच-दहा जणांनी आपापल्या नंबरवरून वेगवेगळ्या तक्रारी दिल्या तर वजन पडतं.

आपल्या जवळ कुणाचे टॉवर आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर दिसतं. दूरसंचार कंपन्यांवर नियमन करणाऱ्या ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळं कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळांवर २जी, ३जी, ४जी, ५जी कुठं पोचतं त्याचे नकाशेही द्यावे लागतात. दोन्ही बघा, पण नकाशाला तुमच्या घरावरचा पत्रा दिसत नाही.

कंपनी बदलायचीच ठरली तर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत, मधे जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरी कोड येतो, तो आपल्याकडं चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडं किमान ९० दिवस झालेले हवेत. पण त्याआधी एक करा. ज्या कंपनीकडं जायचंय तिचं सिम असलेला पाहुणा किंवा शेजारी रात्री नऊला घरी बोलवा. तुम्ही झोपता त्या खोलीत आणि दुसऱ्या दिवशी बांधावर, दोन्हीकडं त्याच्या फोनचा आकडा बघा. आणि त्याच्या फोनवरून एक फोटो पाठवून बघा. नुसता व्हिडिओ लावून नाही.